जूनमध्ये आवडलेलं घर जानेवारीत राहून बघा



गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. ती आणि जावई बर्मिंगहॅमला असतात. आता त्यांनी श्रॉपशरमधल्या एका खेड्यात घर पाहिलंय. दगडी भिंती, दारापुढे गुलाब, मागे सफरचंदाची झाडं. "मावशी, इतकी शांतता आहे गं! सामायिकाला बसावं अशी जागा आहे." नऊ वर्षांपूर्वी हेरिफर्डशरच्या खेड्यात आम्ही घर घेतलं, तेव्हा मीही हेच म्हणाले होते.

तिला जे सांगितलं ते इथे लिहिते, कारण आपल्या बऱ्याच मुली आता इंग्लंडमध्ये आहेत आणि शहरातली अडचणीची जागा सोडून खेड्यात ऐसपैस राहावं असं अनेकींना वाटतं. माझं मत सरळ आहे. घर जरूर घ्या, पण आधी त्याच भागात एक हिवाळा भाड्याने राहा. आणि घर बघताना, त्या घरात दिवसभर जी बाई राहणार तिचा दिवस कसा जाईल ते आधी बघा.

घर आपण बघतो जूनमधल्या शनिवारी. रात्री नऊपर्यंत उजेड, नवरा सोबत, गाडी दारात. राहायचं मात्र जानेवारीतल्या मंगळवारीही असतं. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे रात्रिभोजनाचा त्याग पाळायचा तर साडेतीनला जेवण उरकायचं. आमच्या गावात रस्त्यावर दिवे नाहीत, दुकान नाही आणि बस आठवड्यातून दोनदा. हे सकाळी सातला गाडी घेऊन जायचे ते संध्याकाळी सातला यायचे.

मला गाडी येत होती, भारतातलं लायसन्सही होतं. पण इथे राहायला आल्यापासून ते बाराच महिने चालतं, पुढे इथली परीक्षा द्यावी लागते. आम्ही तेव्हा लेस्टरला होतो. बस दारात, मंदिर जवळ, त्यामुळे मी "बघू पुढे" म्हणत ते वर्ष घालवलं. खेड्यातल्या पहिल्या हिवाळ्यात त्याची किंमत मोजली. चार-चार दिवस यांच्याशिवाय कोणाशी बोलणं नसायचं. मंदिर दोन तासांहून लांब. मी विनाकारण रडायला लागले आणि हे बिचारे विचारायचे, "घर तर तुलाच आवडलं होतं ना?" शांतता चांगलीच, पण सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचं असतं. उरलेल्या दिवसाचं काय, हे मी घर घेताना विचारलंच नव्हतं. म्हणून ज्या बाईला गाडी चालवता येत नाही, तिने आधी गाडी शिकावी, मग खेड्यातलं घर बघावं.

आता घराविषयी. अशा कितीतरी खेड्यांत गॅसची पाइपलाइन नसते. अंगणात तेलाची टाकी असते, त्यावर घर आणि पाणी तापतं. टँकरवाले बहुतेक एका वेळी किमान ५०० लिटर तेल देतात, म्हणजे पैसे एकदम बाजूला हवेत. आम्ही टाकीचा काटा कधी बघितलाच नाही. नाताळच्या आधी तेल संपलं आणि सहा दिवस एका विजेच्या हीटरवर काढले. चूक आमचीच.

सांडपाण्याची टाकी कुठे आहे आणि तिचं पाणी कुठे जातं, हेही विचारा. सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्या-नाल्यात सोडायला २०२० पासून बंदी आहे. तशी टाकी असेल तर ती बदलण्याचा खर्च कोण करणार, हे भाव ठरवतानाच बोलून घ्या.

जुनं घर सरकारी यादीत असेल तर साधी खिडकी बदलायलाही कौन्सिलची परवानगी लागू शकते. विनापरवानगी बदल करणं गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकाने केलेले असे बदल दुरुस्त करण्याची नोटीस नव्या मालकाला येऊ शकते. काही जमिनींवर तर गावच्या जुन्या चर्चच्या दुरुस्तीचा भार असतो. वॉरविकशरमधल्या अॅस्टन कँटलो गावी एका दांपत्याचं असं प्रकरण २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं, आणि ते दांपत्य हरलं. वकिलाला याची चौकशी करायला आवर्जून सांगा.

करारांची अदलाबदल होईपर्यंत इथे कोणीच बांधील नसतं. त्यामुळे घराची पूर्ण तपासणी करून घ्या, आणि भिंतीत ओल किंवा छपरात दोष निघाला तर "शब्द दिलाय, आता कसं सांगू" म्हणून गप्प बसू नका. मात्र शेवटच्या दिवशी उगाच भाव पाडणं आपल्याला शोभत नाही, तेही करू नका.

घरावर दोघांचं नाव हवंच. ते कोणत्या प्रकारे लावायचं, हेही समजून घ्या. एका प्रकारात एकजण गेल्यावर सगळं घर आपोआप दुसऱ्याचं होतं. दुसऱ्या प्रकारात आपापला हिस्सा मृत्युपत्राप्रमाणे जातो. सही आपली असते, तर अर्थही आपल्याला कळलेला असावा.

एक गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी इथे फेजंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम असतो. शनिवारी सकाळी पूजेला बसले की पलीकडच्या रानातून बंदुकांचे आवाज येतात. मी आजही नवकार मोठ्याने म्हणते, पण मन विटतं. हे सहन होणार का, हे ज्याने त्याने ठरवावं.

भाचीने विचारलं, "मग तू शहरात परत का नाही गेलीस?" कारण त्याच हिवाळ्यात शेजारच्या आजींनी दारात सहा अंडी ठेवली. आम्ही खात नाही, हे मी घाबरतच सांगायला गेले. त्या रागावल्या नाहीत, आत बोलावून बसवलं. पुढच्या आठवड्यात अंड्यांच्या जागी सफरचंदं आली. वसंतात मी गाडीची परीक्षा पास झाले ती त्यांना शेजारी बसवून केलेल्या सरावावर. आता दशलक्षण पर्वात मी स्वतः गाडी चालवत लेस्टरला जाते. घर आज मला प्रिय आहे. पण एक हिवाळा आधी भाड्याने काढला असता, तर गाडी शिकूनच इथे आले असते आणि ते रडणं वाचलं असतं.

भाचीला पटलंय असं दिसतं. त्या घरापासून चार मैलांवर नोव्हेंबर ते मार्च भाड्याची जागा ती शोधतेय, आणि गाडीचा क्लासही लावलाय.