माधवराव आणि माधव राव

वाचकहो, चेन्नईच्या मैलापूर भागात कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या गल्ल्यांतून कधी फिरण्याचा योग आला, तर घरांवरील नावाच्या पाट्या अवश्य वाचीत चला. मधूनच एखाद्या पाटीवर ‘राव’ हे नाव भेटेल आणि परमुलखात आपले माणूस सापडल्याचा आनंद होईल. परंतु दार ठोठावण्यापूर्वी थोडे थांबावे. आतील गृहस्थ तेलुगू असतील, कन्नड असतील, मंगळूरकडील कोकणी असतील. किंवा घरात मराठी बोलणारे, पण महाराष्ट्र कधी न पाहिलेले तंजावरी असतील. आडनावांच्या कुळकथा सांगणाऱ्या या सदरात आज या ‘राव’चीच हकीकत घ्यावयाची आहे, कारण मराठी माणसाच्या दृष्टीने पाहिले तर हे मुळी आडनावच नव्हे.

‘राव’ म्हणजे राजा. संस्कृतातील ‘राजन्’ प्राकृतात ‘राय’ झाला आणि त्याचेच आपल्याकडे ‘राव’ झाले. रंकाचा राव होतो, गाव करी ते राव न करी, या म्हणींत तो मूळ अर्थ अजून शाबूत आहे. पुढे हा राजा सिंहासनावरून उतरला आणि प्रतिष्ठित पुरुषाच्या नावाला आदराने चिकटू लागला. नववधू उखाण्यात पतीचे नाव घेते तेव्हा ‘राव’ जोडल्यावाचून तिचा उखाणा पुरा होत नाही. आता तर ‘काय राव!’ म्हणून आपण कोणालाही हाक मारतो. तात्पर्य, ‘माधवराव’ हा एक शब्द आहे. त्याच्या पुढे जोशी, देशपांडे, शिंदे असे काही तरी यावयाचे राहिलेलेच असते.

दक्षिणेत ते ‘काही तरी’ गळून पडले. कसे, ते पाहण्यासारखे आहे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसल्यांनी तंजावर घेतले. त्यांच्यामागून कारकून, मुत्सद्दी, शास्त्री, कीर्तनकार अशी पुष्कळ मराठी मंडळी कावेरीकाठी गेली आणि तेथेच रमली. 1855 मध्ये शेवटचे राजे शिवाजी पुरुष वारसावाचून वारले व राज्य इंग्रजांनी खालसा केले. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर 1803 साली कोरविलेला भोसले कुळाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख मात्र आजही जागेवर आहे. या मंडळींच्या भोवतालची तमिळ रीत अशी, की नावामागे गावाचे व वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावावे आणि शेवटी स्वतःचे नाव यावे. या मांडणीत आपल्या आडनावाला बसावयास जागाच नाही! काही आडनावे निदान रस्त्यांच्या पाट्यांवर टिकली. कुंभकोणम् येथे दबीर रस्ता आहे. दबीर म्हणजे शिवछत्रपतींच्या दरबारातील परराष्ट्रव्यवहार पाहणारा अधिकारी, हे तेथून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

कुंभकोणम् येथेच 1828 साली एका देशस्थ घराण्यात माधवरावांचा जन्म झाला. मद्रासेत शिक्षण झाल्यावर ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले, पुढे तेथील दिवाण झाले. नंतर इंदूरचे आणि मग बडोद्याचे. त्यांचे अखेरचे दिवस मैलापुरात गेले व तेथेच 1891 मध्ये त्यांचे देहावसान झाले. सारा दक्षिण देश त्यांना ‘सर टी. माधव राव’ म्हणून ओळखतो. त्यातील ‘टी’ म्हणजे टँजोर, अर्थात तंजावर. घराण्याचे आडनाव त्यात कोठेच नाही.

आता बडोद्याचा प्रसंग पाहा. 1875 मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले, बालवयाचे सयाजीराव गादीवर आले आणि कारभार माधवरावांच्या हाती आला. मल्हारराव, सयाजीराव, माधवराव! तिघांच्याही नावांत तोच ‘राव’ आणि बडोद्यात त्याचा अर्थही एकच. पण हेच दिवाण मद्रासेस परतले की त्यांचा ‘राव’ नावापासून अलग होऊन आडनावाच्या जागी जाऊन बसे. माणूस तोच, नावही तेच. मध्ये एक रिकामी जागा तेवढी पडली.

ती जागा रुंदावण्यास इंग्रजी दप्तराचा हात लागला असावा, असे मला वाटते. नावातील शेवटचा शब्द तो कुळाचा, हा इंग्रजांचा नियम. त्यामुळे शेवटी दिसला तो ‘राव’ आडनाव ठरला. शिवाय त्या काळी ते ‘राव’चे स्पेलिंग पुष्कळदा ‘आर-ओ-डब्ल्यू’ असे करीत. मौज अशी, की त्या स्पेलिंगचे आणि ‘ई’ जोडलेले ‘रो’ हे विलायतेतही एक आडनाव आहे. घरांच्या वा झुडपांच्या रांगेपाशी राहणारा तो रो, अशी त्याची एक व्युत्पत्ती देतात. शेक्सपिअरच्या नाटकांचे 1709 साली संपादन करणारा निकोलस रो याच आडनावाचा. जुन्या कागदांत ‘माधव रो’ वाचून एखाद्या इंग्रज विद्यार्थ्याने आमच्या दिवाणसाहेबांचे मूळ डेव्हनशायरात शोधले, तर त्याला फारसा दोष देता येणार नाही!

तमिळ जिभेने याच शब्दाला ‘रायर’ केले. ‘राय’ आदराचाच, त्यावर तमिळचा आदरार्थी ‘अर’, आदरावर आदर. मैलापुरातील इडली-पोंगलासाठी नावाजलेली ‘रायर मेस’ खवय्यांना ठाऊक आहेच.

माधवरावांचे चुलतबंधू दिवाणबहादूर रघुनाथराव हेही मैलापूरचेच. 1884 च्या डिसेंबरात त्यांच्या घरी सतरा मंडळी जमली आणि तेथे राष्ट्रीय सभेची कल्पना निघाली, असे ॲनी बेझंट यांनी लिहून ठेवले आहे. सर्व इतिहासकारांना ते मान्य नाही. त्याच मैलापुरात न्यायमूर्ती रानड्यांच्या स्मरणार्थ स्थापलेले रानडे वाचनालय आहे. पाहुण्या मराठी माणसाचे आडनाव येथे इमारतीला लाभले आणि रहिवासी मराठी माणसाचे पुसले गेले, हे मला फार विलक्षण वाटते.

‘राव’चा प्रसार मात्र अफाट झाला. पण सर्वत्र एकाच अर्थाने नव्हे. आंध्रात घराण्याचे नाव आधी येते. 1991 मध्ये पंतप्रधान झालेल्या पी. व्ही. नरसिंह रावांचे घराणे पामुलपर्ती. ‘राव’ हा व्यक्तिनामाचाच भाग. थोर संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांचे घराणे कल्यमपुडी. मंगळूरच्या बेनेगल बंधूंची कथा आणखी निराळी. घटनासमितीचे सल्लागार नरसिंग राव आणि रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर रामा राव हे दोघे स्पेलिंगच्या शेवटी ‘यू’ लिहीत, तर पत्रकार शिवा राव ‘ओ’ लिहीत. सख्खे तीन भाऊ आणि आडनावे दोन!

स्त्रियांच्या बाबतीत तर व्याकरणच हतबल होते. ‘राव’ हा पुरुषाचा बहुमान. तंजावरी मराठी घरांतून स्त्रीच्या नावापुढे ‘बाई’ येत असे. आता लेकींच्या नावापुढेही ‘राव’ लागतो. लागेना का! बहुमानावर पुरुषांचाच हक्क का असावा?

खरी अडचण निराळीच आहे. शाळेचा, पारपत्राचा अर्ज भरताना ‘आडनाव’ हा रकाना समोर येतो. अशा घरातील आई-वडील तेथे ‘राव’ लिहितात आणि पुढची पिढी तेच आपले कुळनाम समजते. आपल्या वाचकांपैकी कोणाचे घर असे असेल तर आजी-आजोबांना एकदा विचारा. लग्नपत्रिका, जमिनीचे कागद, मोडी लिपीतील एखादे बाड यांत जुने आडनाव सापडू शकेल. अर्जात काय लिहावयाचे ते आपण ठरवावे. पण मुलांना ते ठाऊक असू द्यावे. सांगणारी माणसे घरात आहेत तोवरच हे होण्यासारखे आहे.

माधवरावांचा पुतळा तिरुवनंतपुरम् येथे सचिवालयासमोर उभा आहे. त्यावरून त्या साऱ्या भागालाच ‘स्टॅच्यू’ असे नाव पडले. तेथे जाणारा उतारू बसवाहकाकडे नुसते ‘स्टॅच्यू’ एवढेच म्हणून तिकीट मागतो.