खोकल्याचं औषध आणि खेळाडूचा डॉक्टर

फेब्रुवारी २०१९ मध्ये आपल्या इंदूरात सय्यद मुश्ताक अली टी-ट्वेंटी स्पर्धेचे सामने चालू होते. २२ तारखेला मुंबईच्या पृथ्वी शॉच्या लघवीचा नमुना इथे घेतला गेला आणि त्यात टर्ब्युटालिन सापडलं. खोकल्याच्या औषधातून ते नकळत पोटात गेलं, कामगिरी वाढवण्याचा हेतू नव्हता, हा त्याचा खुलासा क्रिकेट मंडळाने मान्य केला. तरी आठ महिन्यांची बंदी झालीच. मुलगा १९ वर्षांचा, चारच महिन्यांपूर्वी कसोटी पदार्पणात शतक ठोकलेला.

त्या वेळी मी घरातलं औषधांचं कपाट उघडून पाहिलं होतं. खोकल्याच्या दोन बाटल्या होत्या आणि त्यातल्या एकीवर बारीक अक्षरात टर्ब्युटालिन लिहिलेलं होतं. श्वासनलिका मोकळी करणारं हे साधं औषध आहे, आपल्याकडच्या कितीतरी सिरपांत असतं. आपल्यासारख्यांना त्याने काही होत नाही. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूसाठी मात्र ते बंदीच्या यादीत आहे, आणि नियम असा की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. डॉक्टरने दिलं होतं, हे उत्तर चालत नाही. बँकेत जामीनदाराची जी गत होते तीच. कागद न वाचता सही केली असली तरी वसुलीची नोटीस त्याच्याच घरी जाते.

हे आत्ता आठवायचं कारण, नोव्हेंबर २०२५ मध्ये २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला द्यायचं नक्की झालं. २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीही आपण दावा मांडला आहे. स्टेडियमं उभी राहतील, जलतरण तलाव होतील, यात मला शंका नाही, बांधकाम आपल्याला जमतं. पण २०३६ मध्ये जे मैदानात उतरतील ते आज बारा-पंधरा वर्षांचे आहेत आणि इंदूर, देवास, खरगोन, झाबुआ अशा ठिकाणी खेळताहेत. त्यांचा गुडघा दुखला तर ते पहिल्यांदा कोणाकडे जातात? गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरकडे.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. माझ्या पुतण्याचा मुलगा पंधरा वर्षांचा, वेगवान गोलंदाज. कंबर दुखायला लागली. पहिल्या डॉक्टरांनी मलम आणि वेदनाशामक गोळ्या दिल्या, पाच दिवस विश्रांती सांगितली. सहाव्या दिवशी पोरगा परत मैदानात. दोन महिन्यांनी दुसरे डॉक्टर झाले. एक्स-रे व्यवस्थित आला, म्हणून कमरेला पट्टा. चौथ्या महिन्यात तिसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खेळाडूंच्या दुखापतींचं खास शिक्षण घेतलेलं होतं. एमआरआय सांगण्याआधी त्यांनी एक प्रश्न विचारला, जो तोवर कोणी विचारला नव्हता: "आठवड्यात किती चेंडू टाकतोस?"

हिशेब निघाला तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो. पोरगा शाळेकडून खेळत होता, क्लबकडून खेळत होता आणि संध्याकाळी अकादमीतही टाकत होता. तिन्ही प्रशिक्षकांना फक्त आपापले चेंडू माहीत. एकाच कर्जदाराला तीन शाखांनी कर्ज द्यावं आणि एकूण बोजा एकाही मॅनेजरला ठाऊक नसावा, तसला प्रकार. मणक्याच्या हाडाला ताणाने बारीक चीर गेली होती. वाढत्या वयाच्या वेगवान गोलंदाजांत हे वारंवार दिसतं आणि साध्या एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही. शस्त्रक्रिया लागली नाही. कित्येक महिने गोलंदाजी बंद आणि नेमका व्यायाम, एवढंच. पण पहिल्याच भेटीत तो प्रश्न विचारला गेला असता तर त्याचा अख्खा मोसम वाया गेला नसता.

पहिल्या दोन डॉक्टरांना मी दोष देत नाही. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत आणि नंतरच्या वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये खेळाडू नावाचा रुग्ण त्यांना वेगळा असा कोणी दाखवलेला नसतो. आपल्याकडे क्रीडावैद्यक शिकायची सोय नाही असंही नाही. पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत पदविका आहे, अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठात आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात एमडी करता येतं. दिल्लीच्या सफदरजंगमध्ये २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने क्रीडा दुखापत केंद्र झालं. पण जागा थोड्या. तिथून बाहेर पडलेला डॉक्टर राष्ट्रीय संघाबरोबर, मोठ्या अकादमीत नाहीतर महानगरातल्या रुग्णालयात जातो. दुसरा रस्ता अस्थिरोगतज्ज्ञांचा. ते दुर्बिणीतून लिगामेंटची शस्त्रक्रिया उत्तम करतात. पण खेळाडूच्या बहुतेक तक्रारींना शस्त्रक्रिया लागतच नाही. दमा, ऊन लागणं, डोक्याला मार, धावणाऱ्या मुलींमधलं रक्ताचं कमी प्रमाण आणि पाळी थांबणं, अतिसरावाची दुखणी, ही सगळी फॅमिली डॉक्टरची कामं आहेत.

अमेरिकेने हे ओळखून १९९३ पासून वेगळी वाट पाडली. तिथे फॅमिली मेडिसिनची तीन वर्षं पूर्ण केलेला डॉक्टर आणखी एक वर्ष क्रीडावैद्यकाचं प्रशिक्षण घेतो आणि परीक्षा देऊन त्याचं प्रमाणपत्र मिळवतो. बालरोग, जनरल मेडिसिन किंवा तातडीच्या वैद्यकातल्या डॉक्टरांनाही ही वाट खुली आहे. तो शस्त्रक्रिया करत नाही आणि आपला मूळ दवाखानाही सोडत नाही. माझी मुलगी तिकडे असते. नातवाला शाळेच्या फुटबॉलमध्ये डोक्याला मार बसला तेव्हा प्रशिक्षकाने त्याला तिथल्या तिथे बाहेर काढलं. डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय परत खेळायला घेतलं नाही. असे कायदे आता तिथल्या सगळ्या राज्यांत आहेत. परवानगी देणारी बाई त्यांची नेहमीची फॅमिली डॉक्टरच होती, फक्त हे एक वर्ष जास्त शिकलेली. पहिल्या आठवड्यात काय करायचं, कधी धावायचं, कधी चेंडूला डोकं लावायचं, हे तिने पायरीपायरीने लिहून दिलं.

ब्रिटननेही लंडनला ऑलिम्पिक मिळालं त्याच वर्षी, २००५ साली, हा विषय स्वतंत्र वैद्यकीय शाखा म्हणून मान्य केला. पण सरकारी आरोग्यसेवेत त्यासाठी पदं बेताचीच निघाली. नुसती पदवी काढून भागत नाही, हे तिथूनही शिकण्यासारखं आहे.

१९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर आम्हा बँकवाल्यांपुढे असाच पेच होता. शेतीकर्ज द्यायचं, पण शाखेत बसलेल्याला विहीर आणि पंप यातलं काही कळत नाही. तेव्हा प्रत्येक शाखेत कृषी पदवीधर नेमणं शक्य नव्हतं. रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी पुण्यात कृषी बँकिंग महाविद्यालय काढलं आणि कामावरच्या अधिकाऱ्यांना तिथे प्रशिक्षणाला पाठवायला सुरुवात झाली. माणूस तोच, शाखा तीच, दृष्टी थोडी वेगळी होऊन परत यायचा. सीएआयआयबीची परीक्षाही आम्ही नोकरी सांभाळून, रात्री जागून दिली. खरं सांगायचं तर ज्ञानाच्या ओढीपेक्षा पास झाल्यावर मिळणाऱ्या इन्क्रिमेंटची ओढ जास्त होती. त्यात लाज वाटायचं कारण नाही.

डॉक्टरांच्या बाबतीत हे इन्क्रिमेंट कुठून येणार, हा मला खरा प्रश्न वाटतो. आपल्या बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्याशिवाय पैसे देत नाहीत. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली की दावा मंजूर. अर्धा तास बसून सरावाचा तक्ता तपासणाऱ्या डॉक्टरची फी मात्र बापाच्या खिशातून. अशा व्यवस्थेत चांगला डॉक्टरसुद्धा हळूहळू कात्रीकडे सरकतो. म्हणून पैसा खेळाच्या अंदाजपत्रकातून यावा असं माझं मत आहे. खेलो इंडियाची जिल्ह्याजिल्ह्यांत हजारावर केंद्रं जाहीर झाली आहेत. प्रत्येक केंद्राने जवळच्या एका प्रशिक्षित फॅमिली डॉक्टरला दरमहा ठरावीक मानधन द्यावं आणि त्याने आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदानावर यावं. एका स्टेडियमच्या छताच्या खर्चात अशी किती वर्षं निघतील, याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

उत्तेजकांचा विषय यातच येतो. जागतिक संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी निघाले. पाच हजारांहून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत मोठं होतं. हे सगळे खोकल्याच्या औषधाचे बळी आहेत असं समजण्याइतका मी भोळा नाही. जाणूनबुजून सुया टोचून घेणारे त्यात आहेत, आणि पावडरी विकणारी दुकानं तर आपल्याही चौकात आहेत. पण सांधा दुखतो म्हणून दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शनसुद्धा २०२२ पासून स्पर्धेच्या काळात चालत नाही, हे किती डॉक्टरांना ठाऊक असेल? नाडाचं 'नो युअर मेडिसिन' हे अ‍ॅप आहे, औषधाचं नाव टाकलं की कळतं. मुलं खेळत असतील तर पालकांनी ते फोनवर घ्यावं.

मागच्या आठवड्यात मी हे सगळं आमच्या फॅमिली डॉक्टरांना ऐकवलं. तेच, ज्यांनी पहिल्यांदा मलम दिलं होतं. वय सेहेचाळीस, दवाखान्यात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, दवाखाना बंद करून दोन वर्षं पटियालाला जाऊन राहणं मला या वयात शक्य नाही. पण आपल्या एमजीएम मेडिकल कॉलेजात असा एक वर्षाचा अभ्यासक्रम काढा, संध्याकाळचे वर्ग आणि रविवारी मैदानावर काम. पहिला फॉर्म मी भरतो."

मग त्यांनी विचारलं, "पोरगा आता किती चेंडू टाकतो?" मी आकडा सांगितला आणि त्यांनी तो त्याच्या कागदावर लिहून ठेवला.