वाळवंटातले झुले आणि शाळेची सहल





शाळेत सध्या एका विषयाची फार चर्चा आहे. नववी ते अकरावीच्या मुलांची सहल अबूधाबी-दुबईला न्यावी आणि तेथील थीम पार्क, विशेषतः रोलर कोस्टर, मुलांना दाखवावेत, अशी सूचना काही पालकांनी लेखी दिली आहे. आपल्या समाजातील कितीतरी घरांतले मुलगे-सुना, लेकी-जावई आज आखातात नोकरीला आहेत. सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन आलेली मुले वर्गात वर्णन करतात, बाकीची तोंडाचा आ करून ऐकतात. त्यातूनच ही मागणी पुढे आली. विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत तिच्यावर निर्णय होईल. तत्पूर्वी माझे मत सर्वांपुढे ठेवणे मला योग्य वाटते.

मत असे आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या कुटुंबाबरोबर तिकडे जरूर जावे, मनसोक्त बसावे, ओरडावे, हसावे. परंतु शाळेने मात्र आपल्या नावाने ही सहल काढू नये.

"थीम पार्क म्हणजे नुसता पैशाचा चुराडा" असे म्हणून हात झटकणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. तिथे जे उभे आहे ते पाहण्यासारखे आहे. अबूधाबीच्या यास बेटावर २०१० मध्ये फेरारी वर्ल्ड सुरू झाले. त्याचे लाल छत विमानातूनही नजरेत भरते. तेथील 'फॉर्म्युला रोसा' हा रोलर कोस्टर सुमारे पाच सेकंदांत ताशी २४० किलोमीटरचा वेग गाठतो. अनेक वर्षे तो जगातील सर्वांत वेगवान म्हणून ओळखला गेला. पुढे सौदी अरबस्तानात रियाधजवळ किद्दिया येथे त्याहून वेगवान, ताशी २५० किलोमीटरचा 'फाल्कन्स फ्लाइट' उभारण्यात आला. यास बेटावरच २०१३ मध्ये यास वॉटरवर्ल्ड, २०१८ मध्ये वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड आणि २०२३ मध्ये सी वर्ल्ड आले. दुबईत तर २००५ पासून एका मॉलच्या आत बर्फावर घसरण्याची सोय आहे!

मी स्वतः हिंदी माध्यमातून विज्ञानाची पदवी घेतली, त्यामुळे रोलर कोस्टरलाही माझ्या तोंडी 'झूला' हाच शब्द येतो. मुले हसतात. हसू द्या. पण या झुल्यामागचे गणित मात्र त्यांनी समजून घ्यावे.

साधारण रोलर कोस्टरला इंजिन नसते. साखळीने डबे उंच चढवायचे आणि सोडून द्यायचे. उंचीवर साठलेली स्थितिज ऊर्जा खाली येताना गतिज ऊर्जा होते. नववीच्या मुलांना हे सूत्र येते. घर्षण सोडून दिले तर ५२ मीटर उंचीवरून खाली येणाऱ्या डब्याचा वेग ताशी सुमारे ११५ किलोमीटर होतो. फॉर्म्युला रोसाची सर्वाधिक उंची इतकीच, ५२ मीटर, आहे. मग २४० कुठून आले? नुसते उंचीवरून सोडून तो वेग मिळवायचा तर जवळजवळ २२७ मीटर उंची हवी. आपल्या किल्ल्याची टेकडी शहरापासून साधारण १०० मीटर उंच आहे. म्हणजे तिच्या दुपटीहूनही जास्त. कुतुबमिनार एकावर एक असे तीन रचले तरी पुरणार नाहीत. म्हणून तिथे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने डबे बाणासारखे पुढे फेकले जातात. त्या वेगात वाळूचा एखादा कण डोळ्यांत गेला तर इजा व्हायची, म्हणून बसणाऱ्यांना गॉगल दिले जातात. वाळवंट आपली आठवण अशी करून देते.

या खेळाचा इतिहासही गमतीचा आहे. त्याचे मूळ रशियातील बर्फाच्या घसरगुंड्यांत आहे. अमेरिकेत कोनी आयलंड येथे १८८४ मध्ये थॉम्प्सन यांनी सुरू केलेली गाडी ताशी जेमतेम दहा किलोमीटरने जात असे; आपली सायकल तिच्या पुढे जाईल. १९१९ मध्ये जॉन मिलर यांनी रुळाच्या खालच्या बाजूनेही चाक लावण्याचे पेटंट घेतले. डबा रुळावरून उचलला जाण्याची भीती त्यामुळे गेली आणि मगच मोठे उतार शक्य झाले. म्हणजे वेग नंतर वाढला, आधी सुरक्षा आली. ही गोष्ट मोटारसायकल हातात येण्याच्या वयातल्या मुलांनी विशेष लक्षात ठेवावी.

आता वाळवंटाकडे वळू. वर्षाकाठी सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे. अशा जागी हे सारे कोणी आणि का उभारले? तेल सापडण्यापूर्वी त्या किनाऱ्यावरची माणसे समुद्रात बुड्या मारून मोती काढत. जपानमध्ये मोत्यांची शेती यशस्वी झाली, त्यातच जागतिक मंदी आली आणि १९३० च्या दशकात तो धंदा बसला. पुढे १९५८ मध्ये अबूधाबीत तेल सापडले, १९६२ मध्ये निर्यात सुरू झाली, १९७१ मध्ये अमिरातींचा संघ झाला. तेलही कायमचे नाही, हे जाणून त्यांनी विमानसेवा, व्यापार आणि पर्यटन यांत पैसा घातला. त्यातूनच हे झुले आले. यास वॉटरवर्ल्डची मध्यवर्ती कल्पना मोती शोधणाऱ्या एका मुलीच्या गोष्टीवर बेतलेली आहे. खेळातसुद्धा त्यांनी आजोबांचा धंदा जपून ठेवला आहे.

ग्वाल्हेरच्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. नव्वदच्या दशकात जे. सी. मिलचा भोंगा बंद झाला तेव्हा एका धंद्यावर उभ्या असलेल्या वस्तीचे काय होते ते आपण पाहिले. त्या कामगारांची नातवंडे आज आपल्या वर्गांत बसतात. वाळवंटातल्या राज्यकर्त्यांची दूरदृष्टी त्यांना जरूर सांगावी.

पण त्याबरोबर हिशेबाची दुसरी बाजूही सांगावी. तिथले पिण्याचे पाणी मुख्यतः समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळते आणि त्याला प्रचंड ऊर्जा लागते. भर उन्हाळ्यात हजारो माणसे एका छताखाली गारव्यात हिंडतात, त्यालाही ऊर्जा लागते. तिघरा आटला की एक दिवसाआड नळ येतो, हे आपण सोसले आहे. पाण्याच्या घसरगुंडीवरून खाली येताना हे पाणी कुठून आले असा प्रश्न ग्वाल्हेरच्या मुलाला पडला नाही, तर आपले शिकवणे कमी पडले असे मी समजेन.

आणि माणसे? त्या देशातील परदेशी रहिवाशांत भारतीय सर्वांत जास्त आहेत. त्यांत आपले इंजिनिअर, हिशेबनीस आहेत, तसेच उन्हात लोखंड बांधणारेही आहेत. तिथल्या कायद्याने १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास मनाई आहे. असा नियम करावा लागतो यातच त्या उन्हाची कल्पना यावी. झुल्याचा पट्टा आवळणारा, कचरा उचलणारा, भांडी घासणारा मनुष्य अनेकदा आपल्याच देशातल्या किंवा शेजारच्या नेपाळ-बांगलादेशातल्या एखाद्या गावाचा असतो. मुलांनी त्याच्याकडे पाहून निदान नमस्कार करावा, एवढी माझी अपेक्षा आहे.

मग इतके शिकण्यासारखे असताना शाळेने सहल का काढू नये? असा प्रश्न रास्त आहे. माझी कारणे तीन.

पहिले कारण पैसा. या सहलीचा माणशी खर्च आपल्या शाळेच्या वर्षभराच्या फीच्या कितीतरी पट आहे. वर्गातील मूठभर मुले जातील. बाकीच्यांना घरी "आपल्याला जमणार नाही" हे ऐकावे लागेल. काही घरांत ते ऐकवणे नको म्हणून कर्ज काढले जाईल. कुटुंबाने आपल्या ऐपतीने कुठेही जावे, त्यात कोणाचा अपमान नाही. परंतु शाळेने वर्गातच दोन रांगा लावणे निराळे. शाळेचा गणवेश एकच का असतो, याचे उत्तर यातच आहे. काही पालक म्हणतात की गरजू मुलांसाठी निधी उभारू. त्यांची भावना मोठी आहे. पण निधी उभा राहणारच असेल तर त्यावर पहिला हक्क आपल्या प्रयोगशाळेचा आहे. एका सूक्ष्मदर्शकाभोवती दहा मुले उभी राहतात, हे विश्वस्तांनी स्वतः पाहिले आहे.

दुसरे कारण 'शैक्षणिक' या शब्दाचे. मौजेला मौज म्हणावे. त्यात कमीपणा नाही. पण मौजेला शिक्षणाचे लेबल लावले की मुले तेवढेच शिकतात की लेबल काहीही लावता येते.

तिसरे कारण जरा नाजूक आहे. उंच झुल्याची भीती वाटणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. काहींना चक्कर येते, काहींना हृदयाचा किंवा पाठीचा त्रास असतो आणि चारचौघांत ते सांगायला मुले लाजतात. घरच्यांबरोबर असलेले मूल "मला नको" म्हणू शकते. चाळीस मित्रांसमोर तेच म्हणायला फार धैर्य लागते. त्या एका मुलाची जबाबदारी परदेशात, दोन-तीन शिक्षकांच्या भरवशावर घेणे मला उचित वाटत नाही.

"मग आपली मुले विहिरीतले बेडूकच राहणार का? इतर शाळा नेतात," असे एका पालकांनी सभेत विचारले. जग पाहण्याने मुलांना आत्मविश्वास येतो, हे मला मान्य आहे. विमानतळावर रांगेत उभे राहणे, परक्या देशाचे नियम पाळणे हेही शिक्षणच. पण वर्गातील पाच जणांनी जग पाहिल्याने उरलेल्या पस्तीसांचा आत्मविश्वास वाढत नाही. आणि बेडूक विहिरीत राहतो म्हणून बेडूक नसतो. विहिरीबाहेरचे प्रश्न पडत नाहीत म्हणून असतो. प्रश्न पाडण्याचे काम इथेही करता येते.

त्यासाठी माझा प्रस्ताव आहे. १९०५ मध्ये महाराज माधवराव शिंदे यांनी सुरू केलेला आपला मेळा दर हिवाळ्यात भरतो. तिथला मोठा आकाशपाळणा ही आयती प्रयोगशाळाच आहे. घड्याळ लावून एका फेरीचा वेळ मोजावा, त्रिज्येचा अंदाज घ्यावा. समजा त्रिज्या १० मीटर आणि फेरीला २० सेकंद लागले, तर वेग ताशी सुमारे ११ किलोमीटर येतो. वर असताना ५० किलोच्या मुलाला आपण ४५ किलोचे झालो असे वाटते आणि खाली ५५ किलोचे. पोटात गोळा का येतो, याचे उत्तर वहीत उतरते. संपूर्ण वर्ग जाईल, कोणी मागे राहणार नाही. ज्याला बसायचे नाही तो खाली उभा राहून वेळ मोजेल. त्याचे काम तेवढेच महत्त्वाचे.

वाळवंटातून एक गोष्ट मात्र आपण आवर्जून आणावी. तिथे उंचीची अट म्हणजे अट. मूल कितीही रडले तरी उंची कमी भरली की प्रवेश नाही आणि प्रत्येक पट्टा हाताने ओढून पाहिल्याशिवाय गाडी सुटत नाही. आपल्या मेळ्यात आपणच पाळणेवाल्याला म्हणतो, "अरे भैया, बिठा लो, छोटा है तो क्या हुआ!" हे बंद व्हावे. ही शिकवण फुकट मिळते.

यंदा सुट्टीत जी मुले तिकडे जाणार आहेत त्यांना माझ्या शुभेच्छा. परत आल्यावर त्यांनी प्रार्थनासभेत पाच मिनिटे बोलावे. फोटो दाखवू नयेत. पाणी कुठून येते, पट्टा कोणी बांधला, त्यांचे गाव कोणते, हे सांगावे. पालकांनी या विषयावरील आपले मत, अनुकूल असो वा प्रतिकूल, बैठकीपूर्वी लेखी स्वरूपात कार्यालयात द्यावे. सर्व पत्रे विश्वस्तांसमोर जशीच्या तशी ठेवली जातील.

आपली,
प्राचार्या