आमच्या वस्तीच्या जिवावर पदव्या

दोस्तांनो, एम.एस.डब्ल्यू.ची पदवी माझ्याकडं आहे. ती मी फाडणार नाही. पण तिच्याबद्दल चार शब्द बोलायचेत आणि ते गोड नाहीत.

लहानपणी आमच्या वस्तीत आठवड्याला दोन दिवस कॉलेजची पोरंपोरी यायची. खांद्याला झोळी, हातात वही. घरात माणसं किती, कमाई किती, बाप पितो का? माझी आई त्यांना उधारीच्या साखरेचा चहा पाजायची. दोन वर्षांनी ती गायब, नवी बॅच हजर. त्यांना पदव्या मिळाल्या. आमचा नळ कोरडाच. पुढं मी स्वतः तिथं शिकायला गेलो तेव्हा कळलं, च्यायला, ते फिल्डवर्क होतं! आम्ही सेवार्थी. म्हणजे बेंचवर चिरायला ठेवलेले बेडूक.

वर्गात केसवर्क, ग्रुपवर्क, समुदाय संघटन असं क्रमानं शिकवलं. सामाजिक क्रिया सगळ्यात शेवटी. तिथवर पोचेस्तोवर सेमिस्टर संपलं.

माझी पहिली केस गटारात उतरणारा कंत्राटी कामगार. पितो, बायकोला मारतो. मी दोन्ही लिहिलं. मारणं चूकच, तेही लिहिलं. पण आधी लिहिलं की कंत्राटदार मोजे देत नाही, मास्क देत नाही आणि शुद्धीवरचा माणूस त्या भोकात उतरूच शकत नाही. मॅडमनी तेवढाच परिच्छेद लाल पेनानं खोडला. म्हणाल्या, ''कंत्राटदार आपला विषय नाही. तुम्ही फार गुंतता. नियंत्रित भावनिक गुंतवणूक हवी.'' बाई, ज्याचा बाप असल्याच गटारात उतरला, त्यानं भावनेला तोटी कुठनं बसवायची? सुरक्षासाधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. गुन्हा कंत्राटदाराचा आणि समुपदेशन कामगाराचं! हे तुमचं प्रोफेशनल समाजकार्य.

हे दुखणं आजचं नाही. १९३२ च्या नोव्हेंबरात बाबासाहेबांनी अस्पृश्यतानिवारण संघाच्या ठक्करांना पत्र लिहिलं. त्याचा मतलब असा : एक पंथ म्हणतो, माणूस स्वतःच्या दुर्गुणांनी बुडतो, म्हणून त्याला दारू सोडायला सांगा, व्यायामशाळा काढा, वाचनालय काढा. दुसरा म्हणतो, भोवतालची परिस्थिती त्याला बुडवते, ती बदला. विहीर, शाळा, चावडी यांच्या हक्कासाठी मोहीम उघडा. पत्राची साधी पोचही आली नाही, असं बाबासाहेबांनीच पुढं नोंदवलंय. मॅडमचा लाल पेन तिथपासून चालू आहे.

पुस्तक म्हणतं, या देशात समाजकार्याचं शिक्षण १९३६ ला सुरू झालं. टाटांच्या ट्रस्टचा पैसा, अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट, जागा नागपाडा. हीच शाळा पुढं टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली. खरं आहे, नाकारत नाही. पण १९२४ ला मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली, १९२५ ला तिनं सोलापुरात वसतिगृह काढलं, १९२७ ला महाडचं तळं पेटलं. ते काय हळदीकुंकू होतं? समुदाय संघटनाचा पहिला धडा चवदार तळ्याचा पाहिजे. तो अभ्यासक्रमात आला तरी ऑप्शनला टाकायच्या लायनीत.

आणि पदवी विकली कुठं जाते बघा. १९४८ च्या कारखाना कायद्यानं पाचशे कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. पोरं कामगार कल्याण शिकली आणि मालकाच्या बाजूच्या खुर्चीत बसली. २०१३ च्या कंपनी कायद्यानं बड्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजावर खर्चायला लावले, तर आता पोरं त्या २ टक्क्यांचे फोटो काढतात. उरलेल्या ९८ टक्क्यांबद्दल अळीमिळी गुपचिळी.

मग आपल्यातले काही गरजतात, ''भाडोत्री पदवी, थुंका तिच्यावर!'' दोस्तांनो, तुम्हीही चुकताय. बाल न्याय मंडळात न्यायदंडाधिकाऱ्याच्या शेजारी दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात. आपलं पोरगं पकडलं गेलं की त्याचं घर, वस्ती, संगत यांचा अहवाल कुणीतरी लिहितो. 'गुन्हेगारी वातावरण' लिहायचं की 'शाळा सुटली कारण फी नव्हती' लिहायचं, हे त्या पेनावर ठरतं. दवाखान्यात, तुरुंगात तेच. तो पेन कुणाच्या हाती द्यायचा? पेठेतल्या बाईच्या?

म्हणूनच वाट अडवली जाते. २०१८ च्या फेब्रुवारीत टाटा इन्स्टिट्यूटची पोरं संपावर बसली होती ती कशासाठी? शिष्यवृत्तीवरच्या दलित, आदिवासी, ओबीसी पोरांची फीमाफी काढून घेतली म्हणून. समाजकार्य शिकवणाऱ्या घरात हे!

तर कुठल्याही शाखेतनं बी.ए., बी.कॉम. झाला असाल, दोन वर्षं काढा, पदवी घ्या. पण लिहिलेला अहवाल आधी वस्तीत, नळापाशी मोठ्यानं वाचून दाखवा. ज्याच्यावर लिहिला त्याला पटला तरच सही करा. आणि वहीचं तोंड फिरवा. वॉर्ड ऑफिसरची केस लिहा, कंत्राटदाराची लिहा. तो किती खातो, कधीपासून खातो, सवय कशी सुटेल?

मी तो खोडलेला परिच्छेद पुन्हा लिहून दिला. मार्क कापले. कापू देत.

जयभीम.