कौल कितीदा लावायचा?

माझ्या फोनमध्ये ‘वीजबिल’ नावाचा एक फोल्डर आहे. त्यात वीजबिल एकही नाही. रक्ततपासणीचे चार रिपोर्ट आहेत, चारही निगेटिव्ह. तरी गेलं वर्षभर मी न्हाणीघराची कडी लावून, मोबाइलच्या टॉर्चने स्वतःचं अंग तपासत आलोय. पुळी दिसली की छातीत धस्स होतं. नाही दिसली तर वाटतं, आत लपून बसली असेल. भीती जननेंद्रियांच्या हर्पिसची.

निमित्त एवढंच: एक रात्र, दोघांच्या मर्जीने, कंडोम वापरून. त्यानंतर आठवड्याने जांघेत एक पुळी उठली आणि दोन दिवसांत जिरली. नांदगावात राहून हे कोणाला सांगणार? कणकवलीच्या लॅबमध्ये जावं तर काउंटरवर कोणीतरी ओळखीचं निघणार. म्हणून फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठलं. पहिली तपासणी दहाव्या दिवशी, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी, चौथी पाच महिन्यांनी. ‘किती दिवस झाले?’ हा प्रश्न एकाही ठिकाणी कोणी विचारला नाही. पॅकेज घेतलंत तर स्वस्त पडेल, हे मात्र सगळीकडे सांगितलं.

तो एक प्रश्न विचारला असता तर माझे पैसेही वाचले असते आणि झोपही. हर्पिसची रक्ततपासणी विषाणू शोधतच नाही. शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते, आणि ती मोजण्याइतकी व्हायला कित्येक आठवडे लागतात. साधारण १२ आठवड्यांच्या आतल्या निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबता येत नाही. म्हणजे माझ्या पहिल्या तीन तपासण्या जवळजवळ वाया गेल्या. पॅकेजमध्ये ‘आयजीएम’ही घातलेली असते. तिला नवी लागण आणि जुनी लागण यांतला फरक नीट कळत नाही, आणि ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. अमेरिकेची सीडीसी ही संस्था ती वापरू नका असंच सांगते. ‘आयजीजी’ त्यापेक्षा बरी, पण तिच्यातही आकडा थोडासाच वर गेला असेल तर तो पॉझिटिव्ह पुष्कळदा खोटा निघतो. म्हणून २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सरकारमान्य तज्ज्ञगटाने सांगितलं की लक्षणं नसलेल्यांची सरसकट हर्पिस तपासणी करू नका, त्यात फायद्यापेक्षा तोटा जास्त आहे. भरवशाची तपासणी असते फोडाची. फोड ताजा असताना त्यातला स्राव घेऊन पीसीआर करायची. पुळी जिरल्यावर रक्त देत फिरणं म्हणजे वरातीमागून घोडं.

चौथा रिपोर्ट मात्र वेळेवरचा होता. कुठलीच तपासणी शंभर टक्के खात्री देत नाही, पण पाच महिन्यांनंतरचा निगेटिव्ह आणि अंगावर एकही फोड नाही, एवढ्यावर शहाण्या माणसाने थांबावं. मी का थांबलो नाही?

आमच्याकडे अडचण आली की देवाला कौल लावतात. पाषाणाला कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, आणि कळी उजवीकडून पडते की डावीकडून ते बघायचं. कौल मिळाला की हात जोडून घरी जायचं असतं. मी चार उजवे कौल पदरात घेऊन पाचव्यासाठी उभा होतो. कारण माझा खरा प्रश्न विषाणूबद्दल नव्हताच. ‘तू वाईट मुलगा नाहीस’ एवढं कोणीतरी म्हणावं, असं मला वाटत होतं. ते काही लॅबच्या कागदावर छापून येत नाही.

आता या आजाराचा अपराध किती मोठा आहे ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात हर्पिसचा पहिला प्रकार असतो. दुसरा प्रकार १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे १३ टक्के लोकांत असतो. बहुतेकांना पत्ताही नसतो. तापानंतर ओठाच्या कडेला फोड येतात ना, तेही बहुधा यातल्या पहिल्याच विषाणूचे. त्याला आपण मलम लावतो आणि कामावर जातो. तोच पहिला प्रकार जननेंद्रियांवरही येऊ शकतो. ओठावर आला तर तो आजार, कमरेखाली आला तर पाप. विषाणू तोच, पत्ता बदलला. मग आपण घाबरतो ते विषाणूला की पत्त्याला?

मराठीत शोधायला जावं तर तिसराच घोळ. ‘हर्पिस’ टाइप केलं की नागीण येते. नागीण वेगळी; ती कांजिण्यांच्या विषाणूची, एकाच घराण्यातली पण दुसरी. तिचा विळखा पुरा झाला की माणूस दगावतो, ही जुनी समजूत खोटीच आहे, पण रात्री दोन वाजता पांघरुणात फोन धरून वाचणाऱ्याला ते कोण सांगणार? खऱ्या आजाराला आपल्या भाषेत धड नाव नाही. एक शब्द तेवढा तयार आहे, गुप्तरोग. रेल्वेच्या कडेच्या भिंती रंगवणाऱ्यांचं दुकान या ‘गुप्त’वरच चालतं.

हा शब्द फोडू पाहणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. वाचक त्यात आपल्या लैंगिक शंका विचारत आणि कर्वे सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. शंका विचारणारे मात्र कमी झाले नाहीत. आज ते सर्च बारमध्ये विचारतात आणि लगेच हिस्टरी पुसून टाकतात.

यावर ठरलेलं उत्तर मला माहीत आहे: ‘थोडी भीती बरी असते, पोरं सरळ राहतात.’ मी याच्या पूर्ण विरोधात आहे. भीतीने मी सरळ राहिलो नाही, लपून राहिलो. जांघेतली पुळी ताजी होती तेव्हाच डॉक्टरला दाखवायची होती. भीतीने मी ती जिरू दिली. ती सिफिलिसची असती तर? तो पेनिसिलिनने बरा होतो, आणि दुर्लक्ष केलं तर पुढे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. हर्पिसही चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. बाळंतपणाच्या सुमारास आईला नवी लागण झाली तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं, आणि दुसऱ्या प्रकारामुळे एचआयव्हीची शक्यता वाढते. म्हणूनच तर उघड बोलायला हवं. भीतीने या सगळ्यातलं काय टळतं? टळतो तो फक्त दवाखाना.

लपायची खरं तर गरजही नाही. सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे लक्षणांप्रमाणे रंगीत किट देतात. हर्पिसच्या फोडांचं किट लाल, त्यात अ‍ॅसायक्लोव्हिरच्या गोळ्या. १०९७ या मोफत क्रमांकावर शंका विचारता येतात. हे भिंतींवर का रंगवलेलं नाही? आणि प्रत्येक लॅबच्या रिपोर्टवर मराठीत दोन ओळी का छापत नाहीत: ‘ही तपासणी इतक्या आठवड्यांनंतरच ग्राह्य. त्यानंतर निगेटिव्ह आल्यास आणि लक्षणं नसल्यास पुन्हा करू नये’? शाई किती लागेल? पण गिऱ्हाईक पाचव्यांदा येणार नाही, हे खरं.

या वर्षात मी दोन स्थळं कारण न सांगता नाकारली. ‘मी कोणाला काही देईन’ ही धास्ती. आईने ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं, मग एका रात्री पुढ्यात येऊन बसली. “काय झाला रे तुका? मनात दुसरा कोण असला तर सांग. मी काय तुका खातंय?”

सगळं नाही सांगितलं. एका आजाराची भीती बसली होती, चारदा तपासलं, काही निघालं नाही, एवढंच म्हणालो. ती थोडा वेळ गप्प राहिली.

“मगे तपासून झाला ना? आता कित्याक घाबरतंस?”

कोणत्याही काउंटरवर मला न मिळालेलं वाक्य हे. पाचव्या तपासणीची घेतलेली वेळ मी दुसऱ्या दिवशी रद्द केली. भीती त्याच रात्री गेली असं नाही. टॉर्चकडे हात जातो अजून. तसा गेला की आता लॅबला फोन करत नाही. मनाच्या त्रासासाठी असलेल्या टेलिमानसच्या १४४१६ वर दोनदा बोललोय. तुमच्याही फोनमध्ये असा एखादा ‘वीजबिल’ असेल, तर फोड असताना डॉक्टरकडे जा, १२ आठवडे उलटल्यावर एकदा तपासा, आणि उजवा कौल आला की देवळातून घरी या.