गॅस म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत 'केऑस' असा एक शब्द आहे. अर्थ : कमालीची अव्यवस्था, आपल्या बोलीत सरळ गोंधळ. (देवीच्या गोंधळाला यात ओढू नका, तो अगदी रीतसर असतो.) मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र आ वासलेली पोकळी असा होता. पुढे रोमन कवी ओव्हिडने सृष्टीपूर्वीच्या आकारहीन, एकमेकांत कालवलेल्या ढिगाला हे नाव दिलं आणि शब्दाला अव्यवस्थेचा अर्थ चिकटला.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरला या उठाठेवी कशाला? कारण याच शब्दातून निघालेला एक शब्द बारामती-इंदापूर भागातले पेशंट मला रोज ऐकवतात. तो म्हणजे 'गॅस'.

सतराव्या शतकात आजच्या बेल्जियममध्ये फान हेल्मोंट नावाचा डॉक्टर होता. त्याने ६२ पौंड कोळसा जाळला, राख उरली फक्त १ पौंड. बाकीचं जे अदृश्य होऊन उडालं, त्याला त्याने प्राचीनांच्या केऑसवरून 'गॅस' म्हटलं. डच भाषेत 'ग' घशातून 'ख'सारखा उच्चारतात, म्हणून दोन्ही शब्द कानाला जवळचे. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, मुलाने छापलेल्या ग्रंथात हे आलं.

विज्ञानाने नंतर प्रत्येक वायू वेगळा ओळखला. आपण मात्र पुन्हा सगळा गोंधळ केला. "डॉक्टर, गॅस छातीत चढलाय, पाठीत भरलाय, डोक्यात गेलाय." आतड्यातल्या वायूला डोक्यात जायला वाटच नाही! गिळलेली हवा आणि जिवाणूंनी तयार केलेला वायू मिळून पोटात एका वेळी साधारण १०० ते २०० मिलिलिटर असतो. दिवसातून १०-२० वेळा वायू सरणं हा आजार नव्हे.

इथवर हसण्यावारी नेता येईल. पण हृदयाच्या खालच्या भागाचा झटका आला, तर पोटाच्या वरच्या खळगीत जळजळतं, मळमळतं, ढेकर येतात. हृदय आणि अन्ननलिका यांच्या संवेदना मज्जारज्जूच्या जवळपास त्याच भागात पोचतात, त्यामुळे मेंदूचीही फसगत होते. मधुमेही माणसाला, वयस्कर आजींना कधी कधी दुखतही नाही, नुसता घाम आणि दम. मग सोडा, ओव्याचं पाणी, मेडिकलमधून गोळी. ढेकर येते, बरं वाटतं, दोन तास जातात. सोड्याने बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक, असं अजिबात नाही.

'गॅस' हा शब्द घरच्यांना धीर देतो, खर्च वाचवतो, म्हणूनच मला तो नकोसा वाटतो. पेशंट गॅस म्हणतो आणि आम्ही डॉक्टरही मान डोलावून गॅसची गोळी लिहितो, हे त्याहून वाईट. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच सर्वांत उपयोगी. इंदापूर ते बारामती रस्ताच साधारण ५० किलोमीटर. वाड्यावस्तीवरून निघणाऱ्याचा वेळ त्याआधीच खर्ची पडलेला असतो. आणि झटक्यात हृदयाचे खालचे कप्पे ताल सोडून थरथरू लागले, तर तो खरा केऑस. ईसीजीवर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा, नाडी बंद, हातात मोजकी मिनिटं.

तेव्हा छातीत किंवा खळगीत दडपण येऊन १५ मिनिटांत थांबलं नाही, घाम फुटला, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे गेलं, तर १०८ ला फोन करा. मधुमेह, बीपी किंवा तंबाखू असेल, तर १५ मिनिटंही थांबू नका. स्वतः मोटारसायकल चालवत येऊ नका. आल्यावर 'गॅस झालाय' म्हणू नका. कुठे, कधीपासून, काय करताना दुखतंय ते सांगा आणि ईसीजी काढायला लावा. पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. दुखणं चालूच असेल, तर थोड्या वेळाने दुसरा काढायला सांगा, संकोच करू नका.