टेस्टरची नोकरी : जाहिरातीत सगळे असते, पगार का नसतो?

वनरक्षक भरतीची जाहिरात निघाली की चंद्रपूर-गडचिरोलीतल्या अभ्यासिकांमध्ये पगाराचा आकडा तोंडपाठ असतो. २०२३च्या जाहिरातीत तो छापलेलाच होता : वेतनस्तर एस-७, २१,७०० ते ६९,१०० रुपये. तेंदूपत्ता तोडणाऱ्या घरातही शेकडा पुड्यांचा दर काय, हे विचारूनच जंगलात शिरतात. ज्युनिअर सॉफ्टवेअर टेस्टरच्या जाहिरातीत मात्र सिलेनियम, एसक्यूएल, शिफ्टमध्ये काम करण्याची तयारी असे सगळे असते आणि पगारापुढे लिहिलेले असते, ‘इंडस्ट्री स्टँडर्डनुसार’. हे स्टँडर्ड किती, ते मुलाखतीची शेवटची फेरी होईपर्यंत कळत नाही.

फटका कोणाला?

चंद्रपूरला १९९६पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, गडचिरोलीला २०११पासून गोंडवाना विद्यापीठ. शिक्षण इथे होते. टेस्टिंगच्या नोकऱ्या नागपूरच्या मिहानमध्ये, पुण्यात, हैदराबादेत. महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे ओळखल्या जाणाऱ्या वैनगंगेकाठच्या मार्कंड्यातून एखादी पदवीधर मुलगी मुलाखतीला निघाली, तर एसटीने नागपूर गाठण्यातच निम्मा दिवस जातो. पुणे असेल तर आणखी एक रात्र. तिकीट, मुक्काम, बुडालेली रोजची कामे, हा खर्च करून तिथे पोहोचल्यावर कळते की आकडा परवडणारा नाही.

पुण्यातल्या मुलाला हा आकडा न छापताही माहीत असतो, कारण त्याचा मावसभाऊ आयटीत असतो, सोसायटीतला कोणी त्याच कंपनीत असतो. घरातली पहिली इंजिनीअर असलेल्या मुलीला विचारायला असे कोणी नसते. म्हणूनच ‘तुमची अपेक्षा किती?’ या प्रश्नावर ती घाबरून कमी आकडा सांगते. मग पुढची प्रत्येक वाढ त्याच कमी आकड्यावर मोजली जाते. पगार झाकून ठेवण्याचे खरे नुकसान इथे आहे, आणि ते अंतराबरोबर वाढते.

३.६ लाख म्हणजे हातात किती?

आकडा सांगितला तरी तो बहुधा ‘सीटीसी’ असतो, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च. एक नमुना हिशेब पाहू. वार्षिक ३ लाख ६० हजार म्हणजे महिना ३०,००० वाटतात. मूळ वेतन १५,००० धरले, तर कंपनीचा पीएफचा वाटा १,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२० रुपये त्यातच मोजलेली असते. १० टक्के रक्कम ‘व्हेरिएबल’ असेल, तर ३,००० कामगिरी पाहून, वर्षाअखेरीस. उरले सुमारे २४,४८०. त्यातून कर्मचाऱ्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा. खात्यात येतात साधारण २२,४८०. (महाराष्ट्रात महिलांना दरमहा २५,०००पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, तेवढे २०० वाचतात.) या पैशांतून शहरातले खोलीभाडे आणि मेस भागवायची असते.

कंपन्या का लपवतात?

एक कारण खरे आहे. नव्या टेस्टरचा आकडा छापला, की दोन वर्षे काम करणारा जुना टेस्टर तो वाचतो आणि दुसऱ्या दिवशी एचआरच्या दारात उभा राहतो. दुसरे कारण ऑगस्ट २०२४मध्ये दिसले. कॉग्निझंटची २.५२ लाखांची जाहिरात समाजमाध्यमांवर फिरली आणि कंपनीची यथेच्छ खिल्ली उडाली. ती भरती तीन वर्षांच्या बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांसाठी आहे, अभियंत्यांना ४ ते १२ लाख मिळतात, असा खुलासा कंपनीला करावा लागला. आकडा कमी होताच. पण उघड तरी होता. ज्यांनी तो छापलाच नाही, त्यांना कोणी हसले नाही.

कायदा काय म्हणतो?

गंमत म्हणजे भारतात यासारखे काहीतरी फार पूर्वी होते. १९५९च्या सेवायोजन कार्यालये (रिक्त पदे सक्तीने अधिसूचित करणे) कायद्याखाली २५ किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनी रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायच्या होत्या, आणि त्या तपशिलात वेतन व भत्त्यांचा रकानाही होता. पहिल्या चुकीला दंड होता ५०० रुपयांपर्यंत! त्याची जागा आता २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांमुळे नियुक्तीपत्र देणे बंधनकारक झाले. मात्र ते निवड झाल्यावर हाती पडते. जाहिरातीत पगार लिहा, अशी सक्ती खासगी कंपन्यांवर आजही नाही.

अमेरिकेत कोलोरॅडोने १ जानेवारी २०२१पासून आणि न्यूयॉर्क शहराने नोव्हेंबर २०२२पासून जाहिरातीत पगाराची मर्यादा देणे सक्तीचे केले. युरोपीय महासंघाच्या २०२३च्या निर्देशानुसार उमेदवाराला सुरुवातीचा पगार मुलाखतीआधी सांगायचा आहे आणि आधीच्या नोकरीतला पगार विचारायचा नाही. त्यासाठी सदस्य देशांना ७ जून २०२६ची मुदत दिली गेली. पळवाटाही निघतात. न्यूयॉर्कमध्ये नियम लागू होताच सिटीग्रुपच्या एका जाहिरातीत पगार झळकला : शून्य ते २० लाख डॉलर. ती तांत्रिक चूक असल्याचे बँकेने सांगितले. तेव्हा आपल्याकडे नियम झाला, तर किमान आणि कमाल आकड्यांतल्या अंतरालाही मर्यादा हवी.

तोवर काय विचारायचे?

बसचे तिकीट काढण्याआधी एचआरला चार ओळींचा ई-मेल पाठवता येतो : दरमहा हातात किती, व्हेरिएबल किती, प्रशिक्षणाच्या काळात पूर्ण पगार की स्टायपेंड, आणि बॉण्ड आहे का, असल्यास किती रकमेचा. पहिली फेरी ऑनलाइन घ्याल का, हेही त्यातच विचारावे. उत्तर फोनवर आले, तर ‘आपले बोलणे असे झाले’ म्हणून तोच आकडा ई-मेलने परत पाठवून ठेवावा. ऑफर लेटरमध्ये वेगळा आकडा दिसला, तर दाखवायला काहीतरी हाती राहते.